जुन्या दुहेरी जास्वंदीचे फाटे कलम: एका प्रकरणाचा अभ्यास

झुडूप आणि त्याची अवस्था

हे प्रकरण दुहेरी पाकळ्यांच्या एका जुन्या जास्वंदीचे आहे. झुडपाची उंची माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली होती, खोड मनगटाएवढे जाड होते आणि फुले फिकट शेंदरी असून मध्यभागी गडद लाल होती. लागवड दोन पिढ्यांपूर्वीची असल्यामुळे वाणाचे नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे तेच झुडूप दुसरीकडून मिळवण्याचा मार्गही बंद होता. जमिनीलगत खोडाची साल एका बाजूने काळी पडून सुटू लागली होती. त्या बाजूच्या फांद्यांची पाने पिवळी होऊन गळत होती, तर विरुद्ध बाजूच्या फांद्या अजून हिरव्या आणि कळ्यांनी भरलेल्या होत्या. बुंधाकूज खोडाच्या बहुतेक घेराभोवती पसरली की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि झुडूप काही महिन्यांत संपते. येथे ती वेळ जवळ आली होती. त्यामुळे झुडपावर उपचार करीत बसण्यापेक्षा, ते उभे आहे तोवर त्याचीच नवी रोपे तयार करणे हा खरा प्रश्न होता.

बियांपासून हे साधणे शक्य नव्हते. दुहेरी जास्वंदीत बरेचसे पुंकेसर पाकळ्यांसारखे रूप घेतात आणि अशा फुलांत बी क्वचितच धरते. शिवाय बागेतल्या बहुतेक जास्वंदी अनेक पिढ्यांच्या संकरातून आलेल्या असल्यामुळे, बी धरले आणि रुजले तरी त्या रोपाला आईसारखे फूल येईल याची काहीच खात्री नसते. तेच फूल हवे असेल तर त्याच झुडपाचा जिवंत तुकडा वाढवणे एवढाच मार्ग उरतो. तो तुकडा फाटे कलमाने (तोडलेली फांदी खोचून), गुटी कलमाने (फांदी झुडपावर असतानाच तिला मुळे फोडून) किंवा दुसऱ्या जोमदार खुंटावर, म्हणजे मुळांसह वाढलेल्या दुसऱ्या रोपावर, कलम बांधून वाढवता येतो. खुंट तयार नव्हता. गुटी कलमाचा विचार पुढे करण्यात आला, त्याबद्दल ओघात सांगेन. पण रोपे एकाहून अधिक हवी होती आणि निरोगी फांद्यांची संख्या मर्यादित होती, म्हणून मुख्य भिस्त फाटे कलमावर ठेवणे योग्यच होते.

पहिली तुकडी

माझ्याकडे हे प्रकरण आले तेव्हा झुडपाच्या मालकीणबाईंनी फाट्यांची एक तुकडी आधीच लावलेली होती आणि ती जवळजवळ पूर्ण मेली होती. त्यांनी जे केले होते ते बागकाम करणारी बहुतेक माणसे करतातच, म्हणून ते तपशिलाने नोंदवतो. जाड फांदीत ताकद जास्त, या समजुतीने त्यांनी अंगठ्याएवढ्या जाडीच्या, तपकिरी सालीच्या जून फांद्या निवडल्या. फाटे वीतभर लांब कापले, सर्व पाने काढून टाकली, बूड ओले करून मुळे फुटण्याच्या संजीवकाच्या भुकटीत चांगले घोळवले आणि पसरट, उथळ तसराळ्यात बागेची माती व शेणखत समप्रमाणात भरून त्यात खोचले. पाणी झारीने दररोज दिले आणि वरून प्लास्टिकचा कागद झाकला. जागा सावलीची होती.

दोन आठवड्यांत फाट्यांवरचे डोळे (अंकुर) फुटले. जवळजवळ प्रत्येक फाट्यावर पोपटी पाने आली, काहींवर तर बारीक कळीही दिसली. पुढच्या तीन आठवड्यांत मात्र ती पाने एकेक करून मलूल झाली, वाळली आणि फाटे काळे पडले. भुकटी जुनी असावी, असा सर्वांचा निष्कर्ष होता. नवी भुकटी आणून तेच पुन्हा करायचे ठरलेही होते. हा निष्कर्ष चुकीच्या जागी बोट ठेवत होता, असे मला पहिल्यापासून वाटले, आणि मेलेले फाटे फेकून न देता त्यांनी कोपऱ्यात ठेवले होते म्हणून ते तपासून सांगताही आले.

फूट आली म्हणजे मूळ आले नव्हे

प्रथम त्या पोपटी पानांविषयी लिहितो, कारण फाटे कलमात सर्वाधिक दिशाभूल तीच करतात. जून फांदीच्या लाकडात आणि सालीत पिष्टमय पदार्थांचा साठा असतो. फांदी झुडपापासून तोडली की शेंड्याकडून येणारा दाब उठतो आणि बाजूचे झोपलेले डोळे त्या साठ्यावर जागे होतात. बुडाच्या उघड्या जलवाहिन्यांतून काही दिवस थोडेफार पाणी वर चढत राहते. ही फूट मुळांवर मुळीच अवलंबून नसते. उलट ती मुळांच्या वाट्याचे अन्न खाते, आणि पाने जसजशी उलगडतात तसतसे बाष्पोत्सर्जन वाढून, मुळे नसलेल्या फाट्याकडून तो देऊ शकणार नाही एवढे पाणी मागते. दरम्यान उघड्या वाहिन्या डिंकासारख्या स्रावाने आणि सूक्ष्मजीवांनी बुजत जातात. पाण्याची मागणी वाढत असतानाच पुरवठा आटतो, आणि पहिल्या आठवड्यांत टवटवीत दिसणारा फाटा दोन-तीन दिवसांत कोसळतो. मालकीणबाईंनी पाहिला तो क्रम तंतोतंत हाच होता.

मुळे फुटण्याची प्रक्रिया वेगळीच असते. कापलेल्या जागी वरच्या पेशी मरतात आणि त्यांखाली सुबेरिन या मेणासारख्या पदार्थाचा संरक्षक थर तयार होतो. त्यामागे पेशींचे विभाजन सुरू होऊन पांढुरकी गाठ, म्हणजे कॅलस, दिसू लागते. आगंतुक मुळांची, म्हणजे खोडातून फुटणाऱ्या मुळांची, सुरुवात मात्र बहुधा आत, ऊतिकर (सालीखालचा, नव्या पेशी तयार करणारा थर) आणि अन्न वाहून नेणाऱ्या रसवाहिनीच्या आसपासच्या पेशींतून होते, आणि तयार झालेले मूळ साल भेदून बाहेर येते. कॅलस दिसला म्हणजे मूळ आलेच, असेही म्हणता येत नाही. कॅलस भरपूर आणि मुळे शून्य असे फाटे अनेक आठवडे तसेच राहू शकतात. मुळांची खात्री करून घेण्याची साधी पद्धत म्हणजे फाटा दोन बोटांत धरून अगदी हलका वर ओढून पाहणे. माती धरून ठेवत असेल तर मूळ आहे. पण ही परीक्षा निदान महिनाभर झाल्यावरच करावी, कारण पहिली मुळे काचेसारखी ठिसूळ असतात.

मेलेल्या फाट्यांनी काय सांगितले

फाटे धुऊन उभे चिरल्यावर तीन प्रकारचे मरण दिसले. सर्वांत मोठ्या गटात बूड काळे, मऊ आणि पाणीदार झाले होते व हा काळेपणा खालून वर चढत गेलेला होता. दुसऱ्या, लहान गटात बूड बऱ्यापैकी शाबूत होते, पण मातीच्या पृष्ठभागाच्या रेषेत साल तपकिरी होऊन आत दबली होती. तिसऱ्या गटात बुडाचा शेवटचा सेंटिमीटर कोरडा, कोळशासारखा काळा झालेला होता आणि त्यावर भुकटीचे घट्ट खडे चिकटलेले होते.

बुडापासून वर चढणारी ओली कूज हे पिथियमसारख्या, पाण्यात पसरणाऱ्या रोगकारकांचे नेहमीचे लक्षण आहे, तर मातीच्या रेषेतली दबलेली तपकिरी जखम रायझोक्टोनिया या मातीतल्या बुरशीशी जास्त जुळते. पण रोगकारकाचे नाव कळले म्हणून बुरशीनाशकाकडे धाव घेण्यात अर्थ नव्हता. हे जीव बागेच्या कच्च्या मातीत आणि अर्धवट कुजलेल्या खतात असतातच. त्यांना रान मोकळे कशाने झाले, हा महत्त्वाचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर तसराळ्याच्या आकारात दडलेले होते.

कुंडीतले जादा पाणी छिद्रातून निथळून गेल्यावरही तळाशी पाण्याने पूर्ण भरलेला एक थर उरतो. या थराची उंची माध्यमाच्या, म्हणजे कुंडीत भरलेल्या माती-वाळूच्या, कणांवर अवलंबून असते, कुंडीच्या उंचीवर नव्हे. माती जितकी बारीक तितका हा थर उंच. म्हणजे तीच माती उंच कुंडीत भरली तर पाणथळ थर तळाशी राहतो आणि वरचा मोठा भाग हवेशीर असतो. उथळ तसराळ्यात मात्र जवळजवळ सगळी मातीच त्या थरात मोडते. तळाशी खडे अंथरूनही हे टळत नाही, कारण बारीक मातीतले पाणी खड्यांच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही आणि पाणथळ थर खड्यांच्या वर, म्हणजे फाट्याच्या आणखी जवळ, सरकतो. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट मंद गतीने पसरतो. जखम भरून काढणाऱ्या आणि वेगाने विभाजन करू पाहणाऱ्या पेशींना नेमका त्याच वेळी सर्वाधिक प्राणवायू लागतो. मालकीणबाईंच्या तसराळ्यात फाट्यांची बुडे अक्षरशः गुदमरत होती, आणि रोज दिलेले पाणी ही स्थिती बदलू देत नव्हते.

भुकटीवरचा आरोप

संजीवकाविषयी थोडे मागे जाऊन सांगायला हवे, कारण त्याच्याकडून ठेवली जाणारी अपेक्षा आणि त्याचे प्रत्यक्ष काम यांत अंतर आहे. ओटच्या कोवळ्या अंकुराच्या टोकाकडून खाली उतरणारा एक वाढीचा पदार्थ असतो, हे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेन्ट यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले. शेंडे आणि कोवळी पाने ऑक्झिन नावाचा हा पदार्थ तयार करतात, तो खोडातून खाली वाहतो आणि फाटा कापला की पुढे वाट नसल्याने बुडाशी साचतो. हेच साचणे मुळांची सुरुवात घडवून आणते. १९३५ मध्ये झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक आम्लासह काही संश्लेषित रसायने मुळे फोडतात, असे दाखवले. हे आम्ल नैसर्गिक ऑक्झिनपेक्षा टिकाऊ असल्यामुळे आजही बहुतेक भुकट्यांत तेच असते. ते बुडाशी होणाऱ्या नैसर्गिक साचण्यात भर घालते, एवढेच. पेशींना लागणारे अन्न, प्राणवायू किंवा पाणी ते पुरवू शकत नाही.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा जास्वंदीवरच्याच प्रयोगांत आहे. वॅन ओव्हरबीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ आणि १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात जास्वंदीचा एक सहज मुळे धरणारा लाल प्रकार आणि एक अवघड पांढरा प्रकार वापरला होता. पाने काढून टाकलेल्या फाट्यांना ऑक्झिन दिले तरी मुळे फुटत नव्हती. पाने ठेवली तर फुटत होती, आणि पानांच्या या कामाचा बराच भाग साखर व नत्रयुक्त पदार्थ पुरवून भरून काढता येत होता. पांढऱ्या प्रकाराला ऑक्झिन देऊनही मुळे येत नसत, पण त्यावर लाल प्रकाराचा पानांसह शेंडा कलम केला की येत. हे वाचल्यावर पहिल्या तुकडीतल्या फाट्यांची सगळी पाने काढून टाकण्याचा परिणाम वेगळा समजावून सांगण्याची गरज राहत नाही. बाष्पोत्सर्जन थांबावे या चांगल्या हेतूने पाने काढली जातात, आणि त्याच हाताने मुळांचा शिधा तोडला जातो.

तिसऱ्या गटातील कोरडी काळी टोके मात्र भुकटीमुळेच झाली होती, आणि तीही भुकटी निकामी असल्यामुळे नव्हे तर तिचा जाड थर बसल्यामुळे. ऑक्झिन अति झाले तर ते ऊतींना मारते, डोळ्यांची फूट दाबून टाकते आणि पाने पिवळी पाडते. कोवळ्या फाट्यांसाठी साधारण ५०० ते १००० पीपीएम (दशलक्ष भागांत तेवढे भाग) आणि अर्धपक्व, म्हणजे अर्धवट जून झालेल्या, फाट्यांसाठी १००० ते ३००० पीपीएम ही मात्रा रूढ आहे. भुकटीत बूड बुडवून झटकल्यावर जो पातळ थर उरतो तोच पुरेसा असतो. भुकटी मूळ डबीतून थेट न वापरता थोडी वेगळी काढून घ्यावी आणि उरलेली टाकून द्यावी, कारण ओल्या फाट्यांनी डबीतली सगळी भुकटी ओलावते आणि रोगजंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात.

खरा निर्णय: कोणती फांदी, आणि केव्हाची

माध्यम सुधारणे सोपे होते. कठीण प्रश्न लाकडाचा होता. रोगट बाजूच्या फांद्या बाद होत्या. निरोगी बाजूला दोनच प्रकारचे लाकूड उपलब्ध होते: जून, तपकिरी फांद्या आणि त्यांच्या टोकाला कळ्यांनी लगडलेले आखूड शेंडे. फाट्याला मुळे फुटण्याची क्षमता त्याच्या वयानुसार कमी होत जाते, कारण जून सालीत कठीण तंतूंचे थर वाढतात आणि नव्याने मुळाकडे वळू शकणाऱ्या पेशी कमी होतात. कळ्या असलेला शेंडा आपले अन्न फुलाकडे वळवतो. हवे होते ते अर्धपक्व लाकूड: चालू वाढीचे, पेन्सिलीएवढे जाड, हिरव्यावरून तपकिरीकडे झुकणाऱ्या सालीचे, ज्याची पाने पूर्ण आकाराला आली आहेत आणि वाकवल्यावर जे आधी लवते व मग कट्‌कन मोडते. असे लाकूड त्या झुडपावर जवळजवळ नव्हतेच. ते तयार करवून घ्यावे लागणार होते, आणि त्यासाठी मरणाऱ्या झुडपाची छाटणी करणे भाग होते.

यावर मतभेद झाला आणि तो रास्त होता. छाटणीनंतर नवी फूट येऊन ती अर्धपक्व व्हायला उबदार हंगामात दीड ते दोन महिने लागतात. तेवढ्यात झुडूप मेले तर काय? दुसरीकडे, हाती आहे त्या जून लाकडाची दुसरी तुकडी लावणे म्हणजे उरलेल्या निरोगी फांद्याही खर्ची घालणे होते. माझे मत छाटणीच्या बाजूचे होते, पण पूर्ण छाटणीच्या नव्हे. निरोगी बाजूच्या सुमारे निम्म्या फांद्या मध्यम उंचीवर, निरोगी डोळ्याच्या वर कापल्या आणि उरलेल्या पानांसह तशाच ठेवल्या, जेणेकरून मुळांना अन्न मिळत राहील. न छाटलेल्या फांद्यांपैकी दोन सरळ फांद्यांवर गुटी बांधली, म्हणजे सालीला काप घेऊन त्या जागी ओले शेवाळ गुंडाळले. गुटीत फांदी झुडपावर असतानाच तिला मुळे फुटतात, त्यामुळे पाण्याचा तुटवडा हा फाटे कलमातला मुख्य धोका तिथे नसतो. अडचणीच्या काळात असा विमा असणे चांगले. बुंध्याभोवतीची माती बाजूला सारून कुजलेली साल खरवडली आणि तो भाग कोरडा राहील असे केले. ही मलमपट्टी रोग बरा करणारी नव्हती, वेळ मिळवून देणारी होती.

या काळात खत देण्याचा मोह आवरावा लागला. झुडूप दुबळे आहे म्हणून नत्र द्यावे, असे वाटणे साहजिक आहे. पण १९१८ मध्ये क्रॉस आणि क्रेबिल यांनी टोमॅटोवर केलेल्या कामातून एक गोष्ट पुढे आली, जी नंतर अनेक वनस्पतींच्या फाट्यांना लागू पडली: ज्यांच्या खोडात कर्बोदके भरपूर आणि नत्र बेताचे असते ते चांगली मुळे धरतात, आणि नत्रावर वाढलेले रसरशीत, गर्द हिरवे, लुसलुशीत फाटे मुळांत मागे पडतात व लवकर कुजतात. म्हणून नव्या फुटीला भरपूर ऊन मिळू दिले, पाण्यात खंड पडू दिला नाही, आणि खत मुळीच दिले नाही. फुटीवर आलेली प्रत्येक कळी मात्र लहान असतानाच खुडली.

याच काळात एक गोष्ट नजरेस आली जी सहज निसटली असती. छाटलेल्या एका फांदीच्या नव्या पानांवर फिकट पिवळी वर्तुळे आणि ठिपके दिसू लागले. जास्वंदीत पिवळ्या वलयांचा विषाणुजन्य रोग असतो आणि तो रस लागलेल्या हत्यारांतून पसरतो. ही लक्षणे त्याचीच, हे प्रयोगशाळेशिवाय ठामपणे सांगता येत नाही. पण फाटा हा मातृझुडपाचाच तुकडा असल्यामुळे त्यातला विषाणू नव्या रोपात जसाच्या तसा जातो, आणि रोपावर त्याला औषध नाही. ती फांदी फाट्यांसाठी बाद केली. तिच्याखालच्या फांद्यांची पाने स्वच्छ असली तरी एकाच खोडावरच्या फांद्यांत विषाणू आधीच पोहोचलेला असू शकतो, हे मालकीणबाईंना स्पष्ट सांगितले. सिकेटरचे, म्हणजे छाटणीच्या कात्रीचे, पाते प्रत्येक फांदीनंतर आधी पुसून मग ब्लीचच्या सौम्य द्रावणात बुडवले जाई.

दुसरी तुकडी

फाटे सकाळी लवकर कापले, कारण रात्रभरात फांद्यांत पाणी भरलेले असते. कापताच ते ओल्या कापडात गुंडाळले आणि उन्हात क्षणभरही ठेवले नाहीत. प्रत्येक फाटा दहा ते पंधरा सेंटिमीटर लांब, तीन-चार पेरांचा ठेवला. खालचा काप पेराच्या किंचित खाली आणि वरचा काप वरच्या डोळ्याच्या किंचित वर घेतला. धारदार पात्याने घेतलेला काप येथे फार महत्त्वाचा आहे, कारण चेंगरलेल्या ऊतींपासूनच कूज सुरू होते. वरची दोन पाने अर्धी कापून ठेवली, खालची काढली. बुडाशी एका बाजूला दोन सेंटिमीटरभर सालीचा पातळ काप काढून थोडी जास्त जखम केली. त्यामुळे पाणी शोषणारा आणि मुळे फुटणारा पृष्ठभाग वाढतो. फाटे उलटे खोचले जाऊ नयेत म्हणून खालचा काप तिरका आणि वरचा आडवा घेतला. ही खूण क्षुल्लक वाटेल, पण फाट्याला वर आणि खाली यांची जाण पक्की असते: ह्यर्मान फ्योख्टिंग यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते की उलटा टांगलेला तुकडाही मुळे आपल्या मूळच्या बुडाकडच्या टोकालाच धरतो.

माध्यम म्हणून जाड, धुतलेली वाळू किंवा परलाइट (हलके, सच्छिद्र खनिज कण) आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मे-निम्मे घेतले. माती आणि खत पूर्ण टाळले, कारण मुळे नसलेल्या फाट्याला खताचा उपयोग नसतो. उथळ तसराळ्याऐवजी उंच, अरुंद कुंड्या घेतल्या आणि फाटा वरच्या चार-पाच सेंटिमीटरांतच खोचला, म्हणजे बूड पाणथळ थरापासून दूर राहिले. आधी काडीने भोक पाडून मगच फाटा ठेवला, नाहीतर भुकटी वरच खरवडली जाते. बहुतेक फाट्यांना अर्धपक्व लाकडासाठीची भुकटी पातळ लावली. काही फाटे मुद्दाम भुकटीशिवाय ठेवले, कारण भुकटीवरचा वाद तिथेच निकालात निघणार होता.

कुंड्यांवर काठ्यांच्या आधाराने पारदर्शक प्लास्टिकचे आवरण उभारले. पानांभोवतीची हवा दमट आणि बुडाभोवतीचे माध्यम ओलसर पण हवेशीर, हे दोन्ही एकाच वेळी साधणे हा या सगळ्या मांडणीचा हेतू आहे, आणि बहुतेक ठिकाणी घोटाळा असा होतो की पानांना लागणारे पाणी बुडाला दिले जाते. म्हणून पाणी माध्यमात क्वचित, पण पानांवर बारीक फवाऱ्याने वारंवार दिले. आवरणाला थेट ऊन लागू दिले नाही, कारण बंद प्लास्टिकखाली तापमान थोड्याच वेळात पाने भाजण्याइतके चढते. मात्र अंधाऱ्या कोपऱ्यातही ठेवले नाही, कारण पानांना अन्न तयार करायला उजेड हवाच. माध्यमाचे तापमान बावीस ते सव्वीस अंश सेल्सिअसच्या आसपास राहील अशी जागा निवडली. गळलेले पान दिसताच उचलले जाई, कारण धूसर बुरशी अशाच मेलेल्या पानावर बस्तान मांडून शेजारच्या जिवंत पानात शिरते.

या तुकडीत पहिले काही आठवडे काहीच घडताना दिसले नाही, आणि मालकीणबाईंना तीच काळजी वाटू लागली, कारण पहिल्या तुकडीत एव्हाना पाने फुटलेली होती. प्रत्यक्षात ठेवलेली अर्धी पाने ताठ आणि हिरवी होती, आणि या टप्प्यावर त्याहून चांगले लक्षण नसते. पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास फाटे माध्यमात घट्ट बसलेले जाणवू लागले व त्यानंतरच डोळ्यांची फूट सुरू झाली. बहुसंख्य फाट्यांनी मुळे धरली. जे मेले त्यांत शेंड्याकडचे, अजून लुसलुशीत असलेले फाटे अधिक होते. फुटीच्या मधल्या भागातून घेतलेले फाटे सर्वांत चांगले निघाले. भुकटी न लावलेल्या फाट्यांपैकीही बऱ्याच जणांना मुळे फुटली, पण उशिरा, थोडी आणि बहुधा एकाच बाजूने. भुकटी लावलेल्यांत ती बुडाभोवती सर्व बाजूंनी फुटली. या एका वाणाच्या, एका तुकडीच्या निरीक्षणावरून सर्व जास्वंदींबद्दल विधान करणे बरोबर नाही, कारण प्रकाराप्रकारांत फरक मोठा असतो. या झुडपापुरते मात्र हे स्पष्ट झाले की भुकटीने मुळांची संख्या आणि ठेवण सुधारली. मुळे फुटणे शक्य केले ते लाकडाने, पानांनी आणि बुडाशी खेळणाऱ्या हवेने. दोन गुट्यांपैकी एकीला मुळे आली. दुसरीतले शेवाळ सुकले होते आणि तिच्या कापाच्या कडा पुन्हा जुळून आल्या होत्या.

मुळे आल्यानंतर

अनेक फाटे मुळे आल्यानंतर मरतात, आणि याबद्दल फारच थोडे बोलले जाते. बंदिस्त दमट हवेत वाढलेल्या पानांवरचा मेणाचा थर पातळ असतो आणि त्यांची पर्णरंध्रे कोरड्या हवेत चटकन मिटत नाहीत. असे रोप एकदम उघड्यावर आणले तर मुळे असूनही पाने एका दुपारीत करपतात. म्हणून आवरण आधी थोडा वेळ, मग दिवसा, मग रात्रंदिवस उघडे ठेवत सुमारे दोन आठवड्यांत काढले. त्यानंतरच रोपे लहान कुंड्यांत हलवली. एकदम मोठी कुंडी दिली नाही. मुळे न पोहोचलेली जादा माती ओलीच राहते आणि पाणथळपणाचा जुना प्रश्न नव्याने उभा करते. हलवताना मुळांभोवतीचे माध्यम झटकले नाही. मुळे कुंडीच्या कडेला पोहोचेपर्यंत खत टाळले, आणि मग अगदी सौम्य मात्रेने सुरू केले.

नवी फूट चार-पाच पानांची झाली की शेंडा खुडला, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटून झुडपाचा आकार बसेल. पहिल्या कळ्याही काढल्या. यावर मालकीणबाईंची नाराजी समजण्यासारखी होती, कारण हे फूल पुन्हा दिसावे यासाठीच तर सगळा खटाटोप होता. तरी लहान मुळांवर मोठे दुहेरी फूल पोसणे रोपाला महागात पडते. पुढच्या बहरात फुले येऊ दिली. ती आईच्या फुलांपेक्षा किंचित लहान आणि काहींत पाकळ्या कमी होत्या. जास्वंदीचे फूल रोपाच्या ताकदीनुसार आणि तापमानानुसार रंगात व भरगच्चपणात बदलते, त्यामुळे पहिल्या फुलांवरून प्रतिकृती बिघडली असे ठरवू नये. रोपे भरल्यावर आलेल्या फुलांत फिकट शेंदरी पाकळ्या आणि गडद लाल मध्य दोन्ही नीट उतरले.

मातृझुडूप पुढच्या थंड हंगामात गेले. ज्या जागी ते होते तेथील मातीत बुंधाकुजीचे जंतू राहिलेले असणार, हे गृहीत धरून नवे रोप तेथे लावले नाही. उंचवट्याची, पाणी निचरून जाणारी दुसरी जागा निवडली आणि खोडाचा तळ मातीच्या वर राहील अशी लागवड केली. रोपे दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली आहेत. त्यांपैकी एक केवळ फाट्यांसाठी राखले आहे: त्याची दरवर्षी खोल छाटणी होते, त्याच्यावर फुले येऊ दिली जात नाहीत, आणि नव्या पानांवर पिवळी वलये दिसतात का, हे प्रत्येक फुटीला पाहिले जाते. लिहीपर्यंत त्या रोपावर ती दिसलेली नाहीत.